डावऱ्या हाताची परी

तुकारामाला मारला तेव्हा चांगलं उजाडलेलं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळी गाबीतवाडी शपथेवर सांगत सुटली की आमची पाठ होती आणि त्यात काळोख होता. काळोख नव्हता. सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला होता. रापणीचे दोन्ही दोर ताणलेले होते आणि वाडीतले सगळे धडधाकट पुरुष दोर कमरेला लावून, तोंड समुद्राकडे आणि पाठ जमिनीकडे करून, पाऊल पाऊल मागे सरत जाळं ओढत होते. रापण अशीच ओढतात. एकदा ओढायला घेतली की दोर सोडायचा नाही, मान वळवायची नाही. सोडला तर जाळ्याचं तोंड उघडतं, मासळी निघून जाते आणि वाडीची चूल विझते. रीत चांगली आहे. पण रीतीच्या आड लपायला पुरुषांना फार आवडतं.

त्यांच्या पाठीमागे, कोरड्या वाळूवर, बाबली तुकारामाला वल्ह्याने मारत होता.

हा बाबली खाडीपलीकडचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज आणि आपल्याकडे दारूबंदी. त्यामुळे होडीत माशांखाली दारूचे डबे, मनगटी घड्याळं, कधी सोनं घालून आणणारी बाबलीसारखी माणसं गबर झाली होती. ठाण्यातल्या माणसांच्या घरी त्यांची उठबस असायची. तुकारामाचा गुन्हा एवढाच, की बाबलीच्या होडीच्या नांगराने त्याचं जाळं फाटलं आणि तो म्हणाला, "आता मी सरकारात सांगतंय."

पहिला फटका गुडघ्यावर बसला. सुका माड मोडावा तसा आवाज आला. दुसरा खांद्यावर. तुकाराम वाळूत सरपटत दोराकडे जायला लागला आणि ओरडला, "आबा! आबानू, माका मारता ओ!"

आबा म्हणजे वाडीचा मुखी. दोराच्या टोकाला तोच होता. त्याला ऐकू आलं. सगळ्यांनाच ऐकू आलं. आबाने मान वळवली नाही. तो समुद्राकडे बघत ओरडला, "दोर सोडू नकात रे!"

आणि कोणी सोडला नाही. तिसरा फटका डोक्यात बसला. त्यानंतरचे बाबलीने उगाच मारले.

हे सगळं समोरून पाहिलं ते एकट्या सुगंधाने. सोळा-सतरा वर्षांची पोर, मासळी उचलायला पाटी घेऊन इतर बायकांच्या आधी आली होती. सुरूच्या झाडाआड उभी राहून तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग पाटी टाकून पळाली. बाबलीने पाटी उचलली. पाटीच्या कडेला लाल चिंधी बांधलेली होती. वाडीत प्रत्येक घराची पाटीची खूण वेगळी. कुठल्या घरची ती, हे कळायला बाबलीला दुपार पुरली.

फौजदार आला, त्याने 'बुडून मृत्यू' असं लिहिलं. कवटीचे दोन तुकडे झालेला माणूस बुडून मेला. समुद्रावर सगळं खपतं.

*

सुगंधाची थोरली बहीण गोदू. तिशीची, विधवा. नवरा मुंबईला आगबोटीवर कोळसा मारायचा, तिकडेच तापाने गेला. आईबाप आधीच गेलेले. घरात दोघी बहिणी, एक चूल आणि मागे परसात केळी.

गोदू डावरी होती. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? गाबीतवाडीत त्यात फार काही होतं. डाव्या हाताने वाढलेलं कोणी जेवत नसे, डाव्या हाताने कापलेली मासळी कोणी घेत नसे. तो हात फक्त धुण्याचा. गोदू चार वर्षांची असताना बापाने तापलेल्या उलथन्याने तिच्या डाव्या मनगटावर डाग दिला. आईने तो हात लुगड्याच्या काठाने पोटाशी बांधून ठेवला, दोन पावसाळे. बापाचा जीव नव्हता का तिच्यावर? होता. जीव असूनच भाजला. आपल्याकडे पोरींना भाजतात ते जीव असूनच.

हात उजवा झाला तो चारचौघांपुरता. गोदू लोकांत उजव्या हाताने जेवायची, उजव्याने वाढायची, डावा पदराखाली ठेवायची. पण घरी, दार लावून, ती डाव्यानेच मासे कापी. मालवणात जाऊन तिने धोंडू लोहाराकडून एक कोयता करून घेतला होता. कोयत्याला धार एकाच अंगाने देतात, उजव्या हाताला लागते तशी. हिने ती उलट्या अंगाने देऊन घेतली. धोंडू म्हणाला होता, "ह्यो कोयतो दुसऱ्या कोणाच्या हातात चालाचो नाय गो." गोदू म्हणाली, "मगे बरा. कोण मागूक तरी येवचो नाय." ही गोष्ट सुगंधाखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

तुकारामाचा बारावा झाला त्याच संध्याकाळी आबाने दाराची कडी वाजवली.

"गोदू, दार उघड गो. पावणे इलेत."

पावणे म्हणजे बाबली. बगलेत हिरवं लुगडं, हातात नारळ. पायांत गोव्याचे बूट. बूट घालूनच तो ओसरीवरून आत आला आणि पाटावर बसला.

"माका हुंडो नको, मानपान नको," तो म्हणाला. "चेडू देवा."

गोदूने आबाकडे बघितलं. आबाने वाशांकडे बघितलं.

"कित्याक?" गोदूने विचारलं.

"कित्याक म्हणजे?" बाबली हसला. "लगीन कित्याक करतत? बायल घोवाच्या विरोधात बोलणा नाय. कोर्टात पण नाय आणि घरात पण नाय."

"तुझी पयली बायल पण बोलणा नाय. बावीत पडल्यार कोण बोलतला?"

शेवंती तिचं नाव. गेल्या उन्हाळ्यात विहिरीत पडली म्हणाले. जिचा जन्म खाडीत पोहण्यात गेला ती कंबरभर पाण्याच्या विहिरीत बुडली.

"गोदू, तोंड सांभाळ," आबा हळूच म्हणाला. "वाडयेचो इचार कर. पोरीन काय बघला काय नाय, देवाक म्हायत. पण ह्येच्या मनात संशय इलो. लगीन झाला तर सगळ्यांचाच बरा. एका चेडवान जर वाडी सुखान रवता…"

"आबानू, तुमची नात आसा की वयात इलली. तिका देवा."

बाबली उठला, सुगंधाच्या हाताला धरलं आणि लुगडं तिच्या अंगावर टाकलं. गोदूने त्याच्या थोबाडीत मारली. उजव्या हाताने. लोकांसमोर होती ना, लोकांसमोर तिचा उजवाच हात उठायचा, सव्वीस वर्षं तसाच शिकवला होता.

बाबलीला राग आलेला दिसला नाही, हेच वाईट. त्याने तो हात मनगटात धरला, उलटसुलट करून पाहिला, घ्यायच्या माशाचे कल्ले बघावेत तसा. मग गोदूला ओढत चुलीकडे नेलं, गुडघ्याने खाली दाबलं, हात पाट्यावर ठेवला आणि वरवंटा उचलला.

वरवंटा तीनदा पडला. पहिल्यांदा बोटं गेली. दुसऱ्यांदा तळवा. तिसऱ्यांदा मनगट. पाट्यावर सकाळच्या वाटपाची हळद राहिली होती, तिच्यात रक्त कालवलं. सुगंधा किंचाळत त्याच्या पाठीवर चढली, त्याचा कान चावला. त्याने तिला भिंतीवर आपटली. आबा वाशांकडेच बघत होता. वाशांत काही नव्हतं, एक पाल होती.

"हो उठलेलो हात आता उठाचो नाय," बाबली कान पुसत म्हणाला. "पुनवेक सकाळी येतंय, रापणीच्या टायमाक. सगळ्यांच्या देखत नेतलंय. लुगडा नेसवून तयार ठेव."

पळून जायचं तर मालवणच्या बंदरात आगबोटीच्या तिकिटापाशी बाबलीची माणसं, सडकेला एसटीच्या थांब्यापाशी बाबलीची माणसं. ठाण्यात जायचं तर तिथे खुर्ची त्याचीच. देवाला सांगायचं तर देवळाचं छप्पर त्यानेच बांधून दिलेलं.

*

त्याच आठवड्यात जत्रा होती आणि जत्रेला तंबूचा सिनेमा आला.

शेजारची राधाबाई संध्याकाळी दारात उभी राहिली. साठीची मासळी विकणारी बाई, तोंड असं की पोलीससुद्धा तिच्या पाटीवरून लांबून जायचा. "चल गो."

"माझो हात बघ राधाबाय. आणि पुनव जवळ इली."

"हात घरात ठेवन बरो जातलो? मरूचाच आसा तर सिनेमो बघून मर. नाय तर वर गेल्यार घोव इचारीत, काय बघलंस गो माझ्या मागे? काय सांगशीत? घरातली पाल?"

सुगंधाला एकटं ठेवायची सोय नव्हती. म्हणून तिघी गेल्या.

तंबूत पडदा मधोमध टांगलेला असायचा. एका बाजूला यंत्र, खुर्च्या आणि बाकं, तिथे पुरुष. दुसऱ्या बाजूला, पडद्याच्या पाठीमागे, वाळूत बायका. चित्र कापडातून आरपार दिसायचं, तिकीट अर्ध्याने स्वस्त. आता पडदा पाठून बघितला की उजवं ते डावं होतं, डावं ते उजवं. अक्षरंही उलटी दिसतात. पण वाडीतल्या एकाही बाईला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे उलटं काय नि सुलटं काय. हे त्यांना कोणी कधी सांगितलं नाही. बायकांना पाठीमागे बसवतात आणि वर काय दिसतंय ते विचारतही नाहीत.

सिनेमाचं नाव 'फौलादी परी'. एक राजकन्या, तिच्या बापाला वजिराने मारलेला. डोंगरातला एक फकीर तिला लोखंडाचं पाणी पाजतो आणि ती फौलादाची होते. तोंडावर काळा नकाब, पायात पुरुषी विजार. बंदुकीची गोळी तिच्या छातीवर आपटून खाली पडायची, ती उचलून ती शिपायाला परत द्यायची. एक पहिलवान तिने डोक्यावर उचलून विहिरीत टाकला. तेव्हा सुगंधाने गोदूचा पदर घट्ट धरला.

मग तिने तलवार काढली.

पहिल्यांदा राधाबाईच्याच लक्षात आलं. "अगो!" ती ओरडली. "गो बायांनो, ही डावरी!"

सगळ्या बायका पुढे झुकल्या. खरंच. फौलादी परी डाव्या हाताने तलवार फिरवत होती. डाव्याने घोड्याचा लगाम धरत होती. डाव्या हाताने तिने भुकेल्या पोरांना भाकरी वाटली आणि पोरांनी ती खाल्ली, कोणी थुंकलं नाही. तिच्याशी लढणारे गोंधळून जात होते, असं बायकांना तरी वाटलं. वाटणारच. बाई जिंकते आहे म्हटल्यावर तिच्या हातात काहीतरी वेगळं असलंच पाहिजे.

"मार गो बाय!" राधाबाई उभी राहिली. "डाव्यान मार!"

मग सगळ्याच ओरडायला लागल्या. "डाव्यान मार! डाव्यान मार गो!" पडद्याच्या पलीकडून पुरुषांचं हसणं आलं. कोणीतरी म्हणालं, "बायलांका याड लागला." त्यांच्या बाजूने परी उजवीच होती.

गोदू ओरडली नाही. ती मोडका हात मांडीवर घेऊन बसली होती. पदराखाली तिचा डावा हात मुठीत मिटत होता, उघडत होता. सव्वीस वर्षं ज्या हाताला ओंगळ म्हणाले, तो एवढ्या मोठ्या कापडावर, माडाएवढा उंच, वजिराचं मुंडकं उडवत होता. तिने मनगटावरचा जुना डाग गुडघ्यावर घासून पाहिला आणि पहिल्यांदाच तिला बापाचा राग आला.

पुनवेपर्यंत तंबू होता. तोवर ती रोज गेली. गोष्ट तिला पाठ झाली, पण ती गोष्ट बघत नव्हती. पाय कुठे पडतो ते बघत होती.

दिवसा परसात दार लावून तिने केळीच्या गाभ्यांवर कोयता चालवला. माणसाच्या उंचीचे गाभे. पहिल्या दिवशी कोयता अर्ध्यात रुतायचा. मग आरपार जायला लागला. केळीचं पाणी अंगावर उडायचं.

"आक्का," सुगंधा एके दुपारी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "मी जातंय तेच्यावांगडा. तू तरी वाचशीत."

गोदूने तिला डाव्या हाताने थोबाडीत दिली. सुगंधा गाल धरून बघत राहिली. बहिणीचा हा हात तिला आजवर कधी लागला नव्हता.

"लागला?" गोदूने विचारलं.

"खूप."

"मगे बरा," गोदू म्हणाली. "केळ रडणा नाय, तेका किती लागला ता कळाचा कसा?"

*

पुनवेच्या सकाळी रापण लागली होती. दोर ताणलेले, पुरुषांची तोंडं समुद्राकडे. यावेळी बायकाही लवकर आल्या होत्या, बाबली येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाळं यायच्या आधी राधाबाई कालची एक मोरी कापायला बसली होती. हातभर लांबीचा तो मुशी मासा तिच्यासमोर पडला होता. गोदू तिच्याशेजारी बसली. उजवा हात गळ्यात बांधलेला, काळानिळा. मांडीखाली गोणपाट, गोणपाटाखाली कोयता.

बाबली होडीतून उतरला. बरोबर एक माणूस होता. बाबलीच्या खांद्यावर तेच वल्हं. धुतलं असेल, पण पात्याच्या भेगेत तुकाराम अजून काळा दिसत होता.

"हिरवा लुगडा खंय?" त्याने विचारलं.

सुगंधा जुनंच परकर-पोलकं घालून उभी होती. "राधाबायच्या गोठ्यात घातलंय, वासराखाली," ती म्हणाली.

बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. बाबलीने सुगंधाची वेणी धरली, मनगटाभोवती वळसा दिला आणि ओढत निघाला. पोर वाळूत पडली, घासत गेली. पुरुषांच्या ओळीला ते ऐकू येत होतं. त्यांच्या पाठी ताठ झाल्या. एकही मान वळली नाही.

गोदू उठली. "सोड तिका."

बाबली वळला. तिच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघून हसला. "काय गो, दुसरो पण मोडून होयो?"

त्याने वेणी सोडली नाही, एका हाताने वल्हं उचललं. गोदूचा डावा हात पदराखाली होता. तिथे तो नेहमीच असे. पदराखालच्या हाताकडे कोणी बघत नाही, यावर बायकांचं अर्धं आयुष्य चालतं. ती दोन पावलं पुढे आली, परीसारखी, पाय आडवा टाकून, आणि पदर सुटला.

बाबली सावध होता. मारामारीत मुरलेला माणूस. पण आयुष्यभर त्याच्यावर जे वार झाले ते एका बाजूने, त्याचं अंग तेवढीच बाजू राखायला शिकलेलं. कोयता दुसरीकडून आला. वल्हं धरलेल्या हाताच्या कोपराखाली लागला आणि हाडात अडकला. गोदूने पाय रोवून तो खेचून काढला. वल्हं पडलं. बाबलीने स्वतःच्या हाताकडे बघितलं. कोपराखालून तो नको तिकडे वाकला होता. मग ओरड आली.

"डावरी!" पाठून राधाबाईची किंकाळी उठली. "गो बायांनो, आमची गोदू डावरी!"

आणि मग तंबूत उठायचा तोच गलका उठला. "मार गो बाय! डाव्यान मार! डाव्यान मार!" बाबलीचा सोबती कंबरेची सुरी काढून धावला. राधाबाईने मोरी शेपटीला धरून उचलली आणि फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. मोरीची कातडी खरवडणीसारखी असते. गालाची साल निघाली. तो उठतोय तर सभोवार मासे कापायच्या सुऱ्या घेतलेल्या बायका. तो होडीकडे पळाला.

बाबलीने वेणी सोडून चांगल्या हाताने गोदूचा गळा धरला. दोघं वाळूत पडली. त्याचं वजन तिच्यावर, मोडका उजवा हात मधे चेपलेला. तिला डोळ्यांसमोर पांढरं दिसलं. ती फौलादाची नव्हती. तिला लागत होतं, सगळं लागत होतं. सिनेमात हे दाखवत नाहीत. कोयता हातातून सुटला होता. सुगंधाने त्याच्या त्याच कानाला दात लावले, आणि या वेळी कान तोंडात घेऊनच ती बाजूला झाली. त्याची पकड ढिली पडली. गोदूने वाळू चाचपली. कोयत्याची मूठ सापडली. तिने खालून वर, त्याच्या बरगड्यांत कोयता मारला.

तो सुटला. गुडघ्यांवर, एका हातावर, दोराकडे सरपटायला लागला. वाळूत लाल पट्टा उमटत गेला. "आबा!" तो ओरडला. "आबानू! वाचवा माका!"

आबाला ऐकू आलं. सगळ्यांनाच ऐकू आलं. दोर क्षणभर सैल पडल्यासारखा झाला. जाळं जवळ आलं होतं, पाण्यात मासळी फडफडायला लागली होती. आबा समुद्राकडे बघत होता. त्याच्या मानेची शीर उडत होती. मग तो ओरडला, "दोर सोडू नकात रे!"

बाबली मागे वळला. गोदू त्याच्यासमोर उभी होती. तो गुडघ्यांवर होता, म्हणजे उंचीने केळीच्या कापलेल्या गाभ्याएवढा. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने ऐकून घेतलं नाही. शेवंतीचं कोणी ऐकलं होतं? कोयता त्याच्या मानेत उजव्या अंगाने शिरला. केळीला लागतो त्याहून थोडा जास्त जोर लागला.

सिनेमात यानंतर गाणं असतं. इथे फक्त जाळं ओढणाऱ्यांचे श्वास ऐकू येत होते.

*

फौजदार दुपारी आला. गोदू घराच्या ओसरीवर बसली होती. उजवा हात गळ्यात, डावा पदराखाली. कोयता तोपर्यंत समुद्राने नेला होता. बाबलीचा सोबती गोव्यात पोचला होता आणि तिथल्या दारूच्या दुकानात सांगत होता की दहा पुरुषांनी घेरलं. एका बाईने मारलं आणि दुसरीने मोरीने हाणलं, हे सांगायला त्याची जीभ वळली नाही. वळायची नाहीच.

"घाव उजव्या अंगाने आत गेलाय," फौजदार म्हणाला. बाबली मेल्याचं त्याला वाईट वाटत होतं. एक वरकमाई बुडाली होती. "समोरून मारणारा डावखुरा पाहिजे. तुमच्या वाडीत डावखुरा कोण?"

आबाने हात जोडले आणि शुद्ध भाषेत बोलायला लागला, साहेबांपुढे बोलतात तसं.

"साहेब, आमच्या वाडीत डावखुरा कोणी नाही. जन्माला आला तरी आम्ही ठेवत नाही. डाग देतो, हात बांधतो आणि उजवा करतो. कोणालाही विचारा."

"खून कोणी बघितला?"

"आमची पाठ होती, साहेब. रापण ओढत होतो. दोर सोडता येत नाही."

तुकारामाच्या वेळी हेच वाक्य ऐकून फौजदाराने खुशाल 'बुडून मृत्यू' लिहिलं होतं. आता त्याला ते खोटं म्हणायची सोय राहिली नव्हती. त्याने ओसरीकडे बघितलं. "ही बाई?"

"तिचा हात मोडलेला आहे, साहेब."

"कसा मोडला?"

आबा वाशांकडे बघायला लागला. "पाट्यावर," गोदू म्हणाली. "मसालो वाटताना."

फौजदार निघून गेला. आबा सुधारला असं मात्र कोणी समजू नये. दोन्ही वेळा तो भ्यायलाच होता. आधी बाबलीला भ्यायला, आता गोदूला. भिणाऱ्या माणसाची निष्ठा अशीच फिरते, वाऱ्यावरच्या शिडासारखी. त्या दिवसापासून तो गोदूच्या दारावरून जाताना खोकून जायचा.

सुगंधा राहिली, जगली. पुढे तिने हवा तो घोव केला. ती वेगळी गोष्ट आहे.

दुसऱ्या वर्षी जत्रेला तंबू पुन्हा आला, तोच सिनेमा घेऊन. फितीवर आता बरेच ओरखडे पडले होते. गोदूने पुढच्या बाजूचं तिकीट काढलं.

"बायकांची बाजू पाठी," दारावरचा माणूस म्हणाला.

"बायकांची आसात. माझी नाय," गोदू म्हणाली आणि आत गेली. पहिल्या बाकावरचे पुरुष सरकले. ती बसली. उजव्या हाताची वाकडी जुळलेली बोटं मांडीवर, डाव्या हातात भाजलेल्या शेंगा. आता ती चारचौघांत डाव्यानेच खायची. वाडीतल्या बायका तिच्याकडून डाव्याने कापलेली मासळी घ्यायच्या आणि आम्हालाही तसंच कापून दे म्हणायच्या.

दिवे गेले. राजा मेला, फकीर आला, लोखंडाचं पाणी झालं. मग फौलादी परीने तलवार काढली.

उजव्या हाताने.

गोदूची शेंग तोंडापाशी थांबली. वाडीतल्या प्रत्येक पुरुषाला हे वर्षभर ठाऊक होतं आणि तिला सांगायची एकाचीही छाती झाली नव्हती. शेवटी मागच्या काळोखातून कोणीतरी धीर केला. "बघलंस गो गोदू? परी उजवी!"

पडद्याच्या पलीकडून, वाळूतून, बायकांचा गलका आला. त्यात राधाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "मार गो बाय! डाव्यान मार!"

पडद्यावर परी वजिराशी लढत होती. एकदा वार, चुकला. दुसऱ्यांदा वार, चुकला. जिना चढून गेली, जिना उतरून आली. गोदूने शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, चावून खाल्ले.

"उजव्यान मारता होय," ती मोठ्याने म्हणाली. "म्हणानच तिका इतको येळ लागता."